आत गेलेला माणूस

१

धक्क्याच्या टोकाला दगडी पायऱ्या समुद्रात उतरतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या, कोरड्या पायरीवर चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, तोंडं पाण्याकडे. माणूस खाली होता, पालथा, बांधून ठेवलेल्या दोन होड्यांच्या मधल्या पाण्यात.

"प्रकरण सरळ आहे, ताई," ठाण्यातले साहेब म्हणाले. गृहस्थ वाईट नव्हते. ती येऊन बसताच त्यांनी टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवून दिला होता. "पत्नी गेलेली. माणूस एकटा. दरवर्षी इथे महिनाभर राहायला यायचे, या खेपेला जरा जास्तच गप्प होते म्हणतात. सकाळी जाळी विणणाऱ्या मावशीला सांगून गेले, आत जातो म्हणून. दुपारपासून सगळं गाव शोधत होतं, दुसऱ्या दिवशी सापडले. एवढ्या उकाड्यात अंगात लोकरीचा स्वेटर. पाण्यात जड व्हावा म्हणूनच ना?"

"तो आईनं विणलेला आहे."

"बघा. म्हणजे तेही जुळलं."

जुळवायचं म्हटलं की सगळंच जुळतं, हे तिला गेल्या दोन दिवसांत कळून चुकलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी जवळजवळ नव्हतंच. गार पाण्यात उतरल्या उतरल्या हृदय थांबलं असणार. त्रास झाला नसेल." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "स्वतःच्या मर्जीनं गेले, कोणावर संशय नाही, एवढंच आहे यात. उद्या दुपारपर्यंत सही करून द्या. म्हणजे तुम्ही मोकळ्या, आम्ही मोकळे."

मग त्यांनी पिशवी दिली. तिच्यात धुऊन वाळवलेला स्वेटर होता, चपला होत्या, रुमाल, चष्मा आणि पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर.

"हा कुठे होता?"

"शर्टाच्या खिशात."

"मरायला निघालेला माणूस स्क्रूड्रायव्हर कशाला घेईल?"

"सवय असते, ताई. मी नाही का पेन लावून हिंडत?"

तेही खरंच होतं. बाबांचा जन्म शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेला होता. पण त्यांची दुसरीही एक सवय तिला माहीत होती. दुधाची पिशवी आणायला निघाले तरी ते उंबऱ्यावरून 'येतो' म्हणत. आई गेल्यावर घरात ऐकायला कोणी उरलं नाही, तरी म्हणत. असा माणूस कायमचा निघाला आणि लेकीला एका शब्दानं बोलला नाही? सही करायची म्हणजे हे मान्य करायचं होतं. ती पर्समधलं पेन हातात धरून बसली आणि मग तिनं ते टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"उद्या दुपारी येते," ती म्हणाली.

२

बाबा उतरत असत ती खानावळ धक्क्याच्या मागच्याच गल्लीत होती. खाली चार बाकं, वर दोन खोल्या. खानावळवाल्या वहिनींनी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "आमचे हे आत आहेत. आले की बोला त्यांच्याशी. शोधायला पहिली बोट त्यांनीच काढली होती."

ती आतल्या दाराच्या पडद्याकडे बघत बसली. चहा संपला. कपाच्या तळाशी उरलेली साखरही सुकली. पडदा काही हलेना.

"वहिनी, झोपलेत का ते?"

"कोण?"

"तुमचे मिस्टर. आत आहेत म्हणालात."

वहिनींनी आधी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि आलेलं हसू तोंडावर हात ठेवून परत पाठवलं. घरात दुःख घेऊन आलेल्या माणसापुढे हसायचं कसं? "अहो, आत म्हणजे समुद्रात. आमच्याकडे पाणी म्हणजे आत आणि जमीन म्हणजे बाहेर. बोट किनाऱ्याला लागली की आम्ही म्हणतो, बाहेर आली. तुमचे बाबाही पहिल्या वर्षी अस्सेच बसले होते, याच बाकावर. त्यांच्या जिभेला काही ते शेवटपर्यंत वळलं नाही. 'मी जरा आत पडतो' म्हणायचे आणि आमची पोरं हसून लोळायची."

वरची खोली लहान होती. खाट, खुर्ची, समुद्राकडची खिडकी.

"ही खिडकी माझ्या लग्नापासून लागत नव्हती," वहिनी म्हणाल्या. "बाबांनी बिजागऱ्या बदलल्या. नळ गळायचा, तो बसवला. माझ्या मिक्सरलासुद्धा हात लावला त्यांनी. आणि बोलणं किती मऊ. बर्फ टाकायला येणाऱ्या पोरालाही अहो-जाहो. तो बिचारा मागे वळून बघायचा, कोणाला म्हणतायत म्हणून."

लेक बिजागरीकडे बघत होती. सगळ्या स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या होत्या, एका रेषेत. ही बाबांची सही. खाच आडवीतिडवी दिसली की समजावं, काम घाईत उरकलंय, असं ते म्हणत. लहानपणी आपण कोणाकडे पाहुणे गेलो की बाबा आधी यजमानांच्या दारांच्या बिजागऱ्या बघतात, याची तिला लाज वाटायची.

"त्या दिवशी सकाळी बघितलंत त्यांना?"

"बघितलं की. उकाड्यानं जीव चाललेला, आणि हे स्वेटर हातावर टाकून खाली आले. मी म्हटलं, बाबा, बर्फबिर्फ पडणार आहे का? तर म्हणाले, 'अहो बाई, काही सांगता येत नाही.' आणि मिशीतल्या मिशीत हसत गेले."

"हसत?"

"हो. साहेबांनी स्वेटरचं विचारलं, ते सांगितलं मी. हसण्याचं त्यांनी विचारलंच नाही."

३

वहिनींचे यजमान दिवे लागायच्या सुमारास 'बाहेर' आले. बोटीचे मालक ते, आवाज असा की साधं 'मीठ द्या' म्हटलं तरी समोरचा दचकावा. जेवताना ते ताटाकडे बघूनच बोलत होते.

"लोक तुम्हाला सांगतीलच, म्हणून मीच सांगतो. आदल्या दिवशी माझं त्यांच्याशी वाजलं होतं. त्या कुत्र्यावरून."

"कुठलं कुत्रं?"

"धक्क्यावरचं भटकं. बाबांनी लाडावून ठेवलं. पंत म्हणायचे त्याला, कारण बसतं असं की जसं काही सल्ला द्यायला बसलंय. 'बस, थांब, चल' सगळं शिकवलेलं. त्या दिवशी त्यानं माझ्या मासळीच्या टोपलीत तोंड घातलं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं मी, कुत्र्याला आवरा, नाहीतर दोघांनाही आत टाकीन."

वहिनींचा वाढणारा हात थांबला. लेकीचा घास हातातच राहिला. त्या माणसाचे हात टेबलावर होते, दोरानं सोललेले, रुंद. दुबळ्या म्हाताऱ्याला उचलून टाकायला असे हात पुरले असते.

"आणि दुसऱ्या दिवशी ते पाण्यात," ती सावकाश म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "ते गेलेत असं कळलं तेव्हा बोट काढली ती ऊन बुडेपर्यंत वल्ही खाली ठेवली नाहीत. थंडोबा होता बरोबर, विचारा त्याला. मला वाटत होतं, माझ्याच शब्दानं गेले की काय."

"थंडोबा कोण?"

"बर्फाची फॅक्टरी चालवतो तो," वहिनी म्हणाल्या. "बर्फात राहून तसाच झालाय. घराला आग लागली तर म्हणेल, चहा घेऊन जाऊ. पण मनाचा चांगला. बाबांची ऊठबस त्याच्याकडेच."

"आणि पंत कुठे आहे आता?"

"फॅक्टरीच्या मागच्या दारात. त्या दिवसापासून हललेलं नाही. मी पायऱ्यांकडे न्यायला गेलो, म्हटलं जागा तरी बघू दे त्याला, तर चावायला उठलं. भाकरी तिथेच टाकतो."

"पायऱ्यांवर नाही बसलेलं?"

"मासळीचा वास हो, ताई. कुत्र्याला दुसरं काय कळतंय?"

ती वर गेली, पण झोप कसली लागते. बाबा पायऱ्यांवरून गेले असतील, तर त्यांचं कुत्रं भलत्याच दारात कोणाची वाट बघत होतं?

४

सकाळी मावशी आपल्या जागी होती. फॅक्टरीचं मागचं दार आणि त्या पायऱ्या यांच्या बरोबर मध्ये, खांबांना टांगलेल्या जाळ्याच्या आड. हातातली सुई जाळ्याच्या भोकांतून अशी ये-जा करत होती की बाई फक्त देखरेखीला बसली आहे असं वाटावं. दारापाशी पंत बसला होता. तपकिरी, एक कान मुडपलेला. त्यानं लेकीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

"बस गं. तोंडावळा बापाचाच," मावशी म्हणाली. "मोठ्यानं बोल हां. मशीन चालू झालं की माझा मलाच आवाज ऐकू येत नाही."

"त्या दिवशी चालू होतं?"

"ते बोलले तेव्हा नव्हतं. नंतर झालं, ते दिवसभर."

"तुम्ही त्यांना पाण्याकडे जाताना बघितलंत?"

"बघितलं नाही. जाळ्याच्या पलीकडे होते ते. बोललेलं ऐकलं. पुढं झाले असतील म्हणून बघितलं तोवर दिसले नाहीत. चपला तेवढ्या नंतर पायऱ्यांवर सापडल्या."

"काय बोलले?"

"आत जातो म्हणाले."

रात्रभर एकच प्रश्न लेकीनं घोळवून ठेवला होता. "मावशी, 'आत' हा शब्द तुमचा का त्यांचा?"

"म्हणजे गं?"

"त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे सांगा. तुमचे नकोत."

सुई थांबली. मावशीच्या चेहऱ्यावर कोणी तरी ठेवणीतली वस्तू बघायला मागावी तसा संकोच आला.

"म्हणाले, 'तू थांब इथे. मी आत जाऊन येतो.'" ती जाळ्याकडे बघत म्हणाली. "इतकी वर्षं मला अहो मावशी, तुम्ही मावशी. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाले. खरं सांगते, बरं वाटलं मला. आपलं माणूस समजले. साहेबांना ते नाही सांगितलं मी. त्यांना काय करायचंय?"

बाबांनी जगात 'तू' कोणाकोणाला म्हटलं? आईला. तिला. आणि...

मुडपलेल्या कानाचा तो प्राणी दाराकडे तोंड करून बसला होता. त्याला 'थांब' सांगितलं होतं. 'चल' अजून कोणी म्हटलं नव्हतं.

"नंतर कोणाशी बोलणं झालं तुमचं?"

"थंडोबा आला ना बर्फ पोचवून. मला म्हणाला, बाबा कुठेत? मी म्हटलं, आत गेलेत. मग तो गेला आपला कामाला. दुपारी जेवायला आले नाहीत तेव्हा बोंब झाली."

बाबांना इथली भाषा कधी जमली नव्हती. 'मी आत पडतो' म्हणणारा माणूस, त्याचं 'आत' म्हणजे समुद्र नव्हेच. चार भिंती, एक दार, आणि कुत्र्याला मज्जाव असलेली जागा. स्वेटर लागेल अशी.

५

"या ताई," थंडोबा म्हणाला. खरोखरच शांत माणूस. डोळे मात्र झोप न झालेले. "चहा?"

"नको. कोल्डरूम बघायची होती. बाबा नेहमी सांगायचे."

तो क्षणभर थांबला आणि मग त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं, पंत बसला होता त्याच दाराचा लोखंडी अडसर उचलला. दिव्याचं बटण बाहेर होतं. हे तिनं बघून ठेवलं. जाड दार बाहेरच्या बाजूला उघडलं आणि आतून पांढरी वाफ पायांवर आली. पिशवीतला स्वेटर काढून तिनं अंगात घातला. बाह्या लांब होत्या.

आत खोक्यांच्या रांगा छताला टेकलेल्या. मशीनची घरघर भिंतीतून दातांत उतरत होती. ती दोन पावलं आत गेली आणि वळून दाराच्या आतल्या बाजूकडे बघत राहिली. थंडोबा उंबऱ्यात उभा होता, हात दारावर.

"ही मूठ नवीन दिसते."

"हो. ती फिरवली की बाहेरचा अडसर उचलला जातो. कोणी आत अडकू नये म्हणून."

मुठीच्या पट्टीला चार स्क्रू होते. वरच्या दोघांच्या खाचा उभ्या, एका रेषेत. खालचा एक आडवा होता, एक तिरका.

आपल्याला इथे आलेलं कोणी बघितलं आहे का, हे तिला त्या क्षणी आठवेना. मशीनच्या आवाजात हाक कुठवर जाईल, हे मात्र नीट कळलं.

"दादा, दारावरचा हात काढा," ती म्हणाली. आवाज बाबांसारखा मऊच निघाला. "आणि मला सांगा, खालचे दोन स्क्रू कोणी बसवले?"

त्याचा हात दारावरच राहिला.

"वरचे दोन बाबांनी बसवलेत. त्यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. ते इथे आले होते."

हात खाली आला. मग माणूसही खाली आला. उंबऱ्यावरच बसला, पंताच्या शेजारी, दार पाठीनं अडवून. आता ते लागणं शक्य नव्हतं.

"जुनी मूठ कधीची तुटली होती," तो म्हणाला. "बाबा रोज म्हणायचे, एक दिवस कोणी तरी अडकेल हो. मी उद्या करू, उद्या करू. शेवटी म्हणाले, तुम्ही राहू द्या, मीच बसवतो. दुपारी येणार होते, मी असताना. मला चकित करायचं म्हणून लवकर आले असतील."

मिशीतलं हसू. अहो बाई, काही सांगता येत नाही.

"मी आलो तर दार सताड उघडं, दिवा चालू. पोरं कधी कधी बर्फ चोरायला उघडतात. दारातून डोकावलो. कोणी दिसलं नाही. मागच्या रांगेकडे गेले असणार ते, बसायला रिकामा खोका आणायला. तो खोका नंतर त्यांच्याजवळच होता. मी दिवा बंद केला. दार लावलं. मशीन चालू केलं."

"चपला दिसल्या नाहीत दारात?"

"दिसल्या. कुत्रंही दिसलं. म्हणून तर विचारलं, ताई. दार लावायच्या आधी मी विचारलं होतं, बाबा कुठेत म्हणून." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "वाटलं, चपला काढून पाण्यात पाय भिजवायला गेलेत. रोज जायचे. कुत्रं दार ओरबाडत होतं तेही मासळीसाठी वाटलं. आणि मग दुपारपासून मी त्यांना शोधत होतो. समुद्रात, होडीतून, हाका मारत."

ती उभीच होती. काळोखात उरलेले दोन स्क्रू बाबांच्या बोटांना सापडले नसतील, आणि दोनच स्क्रूंवर मुठीला अडसर पेलला नसेल. ते चाचपत राहिले असतील. घाई न करता, नीट.

"संध्याकाळी दार उघडलं," तो म्हणाला. "सगळं गाव म्हणत होतं, आत गेले. मी त्यांना आत नेलं. चपलाही नेल्या. खालचे दोन स्क्रू मी पिळले आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात परत ठेवला, त्यांची वस्तू ती. कुत्रं काही येईना."

"कोणाला विचारलं होतंत, दादा? दार लावायच्या आधी?"

तिला उत्तर माहीत होतं. त्यानं बाहेर बघितलं. जाळ्याच्या आड सुई येत होती, जात होती.

"साहेबांना मी सांगणार आहे, कोणालाच विचारलं नाही," तो म्हणाला. "तेवढं मला करू द्या."

६

ती दारातून बाहेर आली. आईनं विणलेला, बाबांनी वापरलेला तो स्वेटर अंगात तसाच होता. पंतानं नाक वर केलं. इतक्या दिवसांनी त्या दारातून एकदाचं कोणी तरी बाहेर आलं होतं.

"चल," ती म्हणाली.

तो उठला. पाय आखडले होते, पहिल्यांदा तोल गेला. मग तिच्या मागे चालू लागला.

ठाण्याची वाट मावशीवरूनच जात होती.

"काय गं, कळलं का काही?"

"कळलं. ते पाण्यात गेलेच नव्हते, मावशी. कोल्डरूमची मूठ बसवायला गेले होते. दार लागलं."

मावशीनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे खाली मान घालून उभ्या असलेल्या थंडोबाकडे. सुई जाळ्यातच अडकून राहिली.

"यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं..."

"त्याच्या आधीच दार लागलं होतं," लेक म्हणाली.

लेकीला खोटं बोलण्याची फारशी सवय नव्हती. हे तिला सहज आलं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मावशी थंडोबाकडे बघत राहिली.

"आधीच लावलं होतं मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मागाहून विचारलं तुला."

"आणि मला जे म्हणाले ते?"

"तुम्हाला थांबायला सांगितलं होतं ना?" लेकीनं विचारलं.

"हो. 'तू थांब' म्हणाले."

"मग. तुम्ही थांबलात."

मावशीनं सुई मोकळी केली. पंत तिच्या पायापाशी थबकला, जाळं हुंगलं आणि पुढे झाला.

साहेबांच्या टेबलावर तो कागद तिथेच होता. थंडोबा बोलत असताना त्यांनी पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. शेवटी कागद उचलून त्याच्या दोन घड्या केल्या. "हा तर आता नकोच," ते म्हणाले, आणि टोपण लावलेलं पेन तिला परत दिलं.

दुपारी तिनं वरच्या खोलीतलं सामान आवरलं. वहिनींनी बाहेर गाडीवाल्याला थांबवून ठेवलं होतं. यजमानांनी पंतासाठी टोपली आणून दिली, मासळीचीच, धुतलेली. एवढंच म्हणाले की तोंड घालायला आता त्याला स्वतःची झाली.

तिनं समुद्राकडची खिडकी ओढली. ती आवाज न करता, काठोकाठ लागली. बिजागरीवरच्या उभ्या रेषांवरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग पिशवी उचलली, खोलीबाहेर पडली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

'जाऊन येतो' म्हणाले होते. कुत्र्याला का होईना, सांगून गेले होते.

"येते," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.